पवाडा, पत्र आणि अंबापाणी

शिवजयंतीच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनं भांडण पुन्हा पेटलं. पुण्यात शिकणाऱ्या भाचीने लिहिलं : घोरपड ही दंतकथा, आणि 'सिंहगड' हे नाव १६६३ च्या पत्रातच सापडतं. तानाजी पडले १६७० साली. मग नाव त्यांच्यावरून कसं पडेल? चोपड्याचा चुलतभाऊ तिच्यावर उखडला, "पवाडामा शे ते खोटं कसं व्हई?" पुढे कोण कुणाला काय म्हणालं ते इथे लिहवत नाही.

मी स्कॉटलंडमध्ये एडिंबराला राहते. इथून पूर्वेला जवळच प्रेस्टनपॅन्स गाव आहे. २१ सप्टेंबर १७४५ च्या पहाटे जॅकोबाइट बंडखोर (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याचे पाठीराखे) दलदलीतल्या वाटेने येऊन सर जॉन कोपच्या सरकारी फौजेवर तुटून पडले आणि बघता बघता तिची दाणादाण उडाली. त्यावर गाणं झालं. ते तिथल्याच ॲडम स्किर्व्हिंग नावाच्या शेतकऱ्याचं मानतात. गाण्यातला कोप झोपाळू आणि पळपुटा. खऱ्या कोपने शत्रूची चाल कळताच अंधारातच फौजेची फळी वळवली होती, आणि १७४६ च्या चौकशीत तो निर्दोष ठरला. तरी स्कॉटलंडच्या हायलंड पलटणींत शिपायांना सकाळी उठवायला हीच धून वाजत आली.

माझी मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चँटरवर, म्हणजे बॅगपाइपच्या सरावाच्या नळीवर, ती घोटते. एक बोट चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तिच्या सरांनी धून शिकवतानाच चौकशीचा निकालही सांगितला. "मग गाणं खोटं?" तिने विचारलं. सर म्हणाले, निकाल सैन्याने दिला, गाणं गावाने केलं. दोन्ही पाठ कर.

भाचीचं म्हणणं मला पटतं. पत्र आहे तर पत्र मानलंच पाहिजे. पण गाण्याला साक्षीलाच बोलवायचं नाही, असं ठरवलं तर आपल्या खानदेशात कुणाचं तोंड बंद होतं, हे तिने बघावं.

११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला भिल्ल आणि इंग्रज लढले. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक एके काळी इंग्रजांच्याच नोकरीत सेंधव्याचा घाट राखत होता. नोकरी गेली, आणि १८५७ मध्ये त्याने सरकारी खजिना लुटला. अंबापाणीला त्याच्या माणसांबरोबर बायकाही कैद झाल्या. चोपड्याहून सातपुडा रोज दिसतो, तरी मला हे शाळेत कुणी सांगितलं नाही. इथे आल्यावर वाचलं, तेही इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांवरून लिहिलेलं. तिथे पत्र आहे ते जिंकणाऱ्याचं. त्या बायकांचं पत्र कुठून आणायचं?

आमच्या शेतावर डोंगरातले एक सालदार होते. केळीला पाणी देताना रात्री बांधावर गायचे, लांबलचक, एकाच चालीत. आजोबा खाटेवरून म्हणायचे, "आता झोपू दे रे बाबा." ते काय गातात, हे आमच्या घरात कुणीच कधी विचारलं नाही. शिवाजी महाराजांचा पवाडा मात्र आम्हा पोरांना तोंडपाठ.

ते सालदार आता नाहीत. त्यांचा मुलगा पाड्यावर असतो. परवा चुलतभावाला फोन केला, म्हटलं, होळीला त्याच्याकडे जा, मोबाइलवर रेकॉर्ड कर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, त्याले कोणतं गाणं म्हनी सांगू?"