आजीचं जातं

आज सकाळी डिचोलीच्या बाजारात भाजी-पाव खायला बसलो होतो. शाळेपासूनचा एक मित्र म्हणाला, "अमेरिकेच्या त्या सरकारी रेडिओला, व्हॉईस ऑफ अमेरिकेला, टाळं लावलं ते बरंच झालं. आता रेडिओ ऐकतो कोण?" पाव तसाच टाकून उठलो. वाचशीलच तू हे, वाच.

ऐकतो कोण? समोर चार पेपर, हातात मोबाईल असलेले आपण नाहीच ऐकत. पण उत्तर कोरियात रेडिओची डायल सरकारी स्टेशनावर पक्की करून देतात, ती गुपचूप सोडवणारी माणसं आहेतच ना?

आमचे अप्पा ऐकायचे. तेव्हा गोव्यात पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य. पेपर सेन्सॉरच्या हाताखालून यायचा, लग्नाची पत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. 'एमिसोरा द गोवा' हा त्यांचा सरकारी रेडिओ लावावा तर त्यांचा हुकूमशहा सालाझार, त्याचं सगळं छान. आणि 25 नोव्हेंबर 1955 ला आंबोलीच्या रानातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' सुरू झाला. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. दादरा-नगर हवेलीतून पोर्तुगीज पळाले तेव्हा हाती लागलेले वायरलेस सेट दुरुस्त करून उभारलेलं स्टेशन. त्यांचंच यंत्र, त्यांच्याच बोकांडी!

अप्पा माजघरात वाकळ डोक्यावर घेऊन रेडिओला कान लावायचे आणि आजी दारापाशी जातं फिरवायची. शेजारी पोलिसांचा खबरी, त्याला आवाज जाऊ नये म्हणून. दळायला घरात दाणा नसला तरी जातं फिरायचंच. म्हातारपणी ती म्हणायची, "ऐकायचे ते, आणि दंड भरून यायचे माझे."

बरं, मान्य. अमेरिका काही धर्मादाय रेडिओ चालवत नव्हती. पैसा सरकारचा, सूरही बराचसा सरकारचा. पण मग आंबोलीहून बोलत होते ते काय तटस्थ होते? अप्पांना ते कळत होतं. ते एमिसोराही ऐकायचे, मुंबई आकाशवाणीही लावायचे आणि मग स्वतः ठरवायचे. ऐकणारा मूर्ख असतो असं फक्त पोटभर बातम्या मिळणाऱ्यांनाच वाटतं. आणीबाणीत आपल्याच आकाशवाणीवर सगळं आलबेल होतं, तेव्हा बीबीसीची सुई शोधत बसणारे तुझे वडीलच होते ना रे?

व्हॉईस ऑफ अमेरिका म्हणजे 1942 साली सुरू झालेलं केंद्र. मार्च 2025 मध्ये जवळजवळ सगळ्यांना एका झटक्यात रजेवर घालवलं. बीबीसीने त्याआधी, जानेवारी 2023 मध्ये, अरबी रेडिओ बंद केलाच होता. पैसे नाहीत म्हणे. असतील नसतील, मला त्यातलं कळत नाही. पण इंटरनेट तोडायला सरकारला एक हुकूम पुरतो. शॉर्टवेव्ह वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून हजारो मैलांवर उतरते, ती अडवायला त्याच लहरीवर खरखर सोडत बसावं लागतं. सोव्हिएतांनी ते वर्षानुवर्षं केलं, तरी लोक खरखरीतून शब्द वेचत होतेच.

आणि गंमत बघा, लिबियाताईंना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा याच माझ्या मित्राने त्यांचा फोटो स्टेटसला ठेवला होता. हात जोडलेले तीन इमोजी!

जाऊ दे. राग उतरला थोडा. माणूस वाईट नाही तो, सकाळचं बिलही त्यानेच दिलं असणार.

आजीचं जातं आता भावाच्या होमस्टेच्या अंगणात आहे. पाहुणे त्यावर पाय ठेवून फोटो काढतात. रविवारी जाऊन घरी आणणार आहे. एकट्याला उचलत नाही. मित्रा, टेम्पो तुझाच लागेल.