पोरं आहेत, शिकवणारा कुठाय?

दर चार दिवसांनी आमच्या कारखानदारांच्या ग्रुपवर तोच मेसेज पडतो : ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे. अनुभवी. अर्जंट.’ म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन चालवणारा. कोल्हापूरच्या आसपासची कुठलीही एमआयडीसी घ्या, शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागलची पंचतारांकित. खाली सगळ्यांचं एकच रडगाणं, हल्लीच्या पोरांना काम नको. मीही त्यात सूर लावायचो. आता लावत नाही.

झालं असं की आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर ट्रेड, म्हणजे लेथकाम, पास झालेला एक पोरगा आमच्याकडं लागला. जॉबला, म्हणजे मशीनवरच्या तुकड्याला, ४० एच७चा बोअर (भोक) होता. म्हणजे ४० मिलिमीटरच्या वर जास्तीत जास्त २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खाली काही नाही. पठ्ठ्यानं व्हर्निअर लावला आणि म्हणाला, ‘ओके आहे साहेब.’ अरे, त्या व्हर्निअरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्याला मोजता येणारं सगळ्यात लहान माप, २० मायक्रॉन! मी तापलो. आमच्या मिस्त्रींनी मला बाजूला केलं आणि पोराला विचारलं, ‘बोअर गेज कधी हातात घेतलायस?’ तर भोकाचं आतलं माप काट्यावर दाखवणारं ते साधन त्याच्या आयटीआयमध्ये होतं म्हणे, पण एकच, तेही कपाटात कुलपात. बॅचला पोरं वीस.

मग मिस्त्रींनी त्याला गेज शून्याला लावायला शिकवलं. बोअरमध्ये घालून हलकेच डुलवायचा, काटा जिथून मागं फिरतो ते माप. आठ दिवसांत हात बसला. पोरगा बाद नव्हताच, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

मिस्त्री आता ६३ वर्षांचे आहेत. ते थांबले की दाखवणार कोण, याचं उत्तर माझ्याकडं नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी माळरानावर उभी राहिली तेव्हा तयार कारागीर काय रांग लावून आले होते? आसपासची माणसं हाताशी धरूनच शिकवावी लागली. आपण मात्र तयार माल मागतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये परप्रांतीय मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, गावाकडं गेले, तेव्हा फौंड्रीवाल्यांची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर किती जणांनी इथली पोरं मोल्डिंगला तयार केली?

१९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. पण शिकाऊ उमेदवार घ्यायची सक्ती ३० किंवा जास्त माणसं असलेल्यांना. आमच्यासारख्या ११ माणसांच्या शॉपला ते ऐच्छिक, म्हणून आम्ही निवांत. आणि जिथं घेतात तिथं बऱ्याचदा उमेदवार सहा महिने जॉब पुसतो आणि गाडीत माल भरतो. याला ट्रेनिंग म्हणायचं असेल तर म्हणा.

‘शिकवलं की पोरगं हजार रुपयांसाठी शेजारी जातं,’ हे मला रोज ऐकवलं जातं. जातं, खरंय. माझे दोन गेले. पण माझ्याकडं जे चांगले आहेत, तेही कुणीतरी शिकवलेलेच आहेत की! आणि बारा तास उभं करून हेल्परचा पगार दिला तर मीसुद्धा गेलो असतो.

आम्ही एका गल्लीतल्या चौघांनी ठरवलंय. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास मिस्त्री शिकवणार, त्यांचं मानधन चौघांत वाटून. सुरुवात फक्त मापांपासून : मायक्रोमीटर, बोअर गेज, ड्रॉइंग वाचणं. सीएनसीचे ऑफसेट (टूलच्या मापाची सेटिंग), प्रोग्रॅम नंतर बघू. चौघांची मिळून सध्या नऊ पोरं आहेत.

कुणाकडं जुना पण चालू बोअर गेज पडून असेल तर इनबॉक्स करा. कुलपातला असला तरी चालेल.