शब्द काढला की वाक्य पडलं पाहिजे

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या ओटल्यावर पोहे संपले आणि वाद सुरू झाला तो एका यादीवरून. धाकट्या भंवरकुआला बँकेच्या परीक्षेच्या कोचिंगला जातो. त्याच्या मोबाइलमध्ये हजार अवघड इंग्रजी शब्द अक्षरक्रमाने लावलेले, प्रत्येकापुढे हिंदीत एकेक अर्थ.

"रोज पन्नास. वीस दिवसांत यादी खलास," धाकट्या म्हणाला.

"आणि एकविसाव्या दिवशी डोकं रिकामं," वकील म्हणाले. "हवेत कशाला हे शब्द? साधं इंग्रजी नीट येत नाही ते हे असलं पाठ करतात."

नाना आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मोबाइल मागून घेतला, चष्मा वर केला आणि पहिलंच पान वाचलं. "ॲबडिकेट, ॲबजुअर, ॲब्रोगेट. तिघांपुढे ‘त्यागना’. मग फरक कळायचा कसा? राजा गादी सोडतो ते ॲबडिकेट. माणूस शपथेवर आपलं मत किंवा निष्ठा सोडतो ते ॲबजुअर. सरकार करार किंवा कायदा रद्द करतं ते ॲब्रोगेट. काय सोडलं ते आधी पाठ कर, क्रियापद त्याच्यामागून येईल. नाहीतर आवाज सारखा, अर्थ सारखा, पान एकच. तिघे एकमेकांना पुसून टाकतील."

ताई अनुवादाचं काम करतात. त्या म्हणाल्या, "हे तपासून झालेलं आहे. टिंकहॅम नावाच्या अभ्यासकाने १९९३ साली दाखवलं, की जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकवले तर शिकायला जास्त वेळ लागतो. एक क्रियापद, एक नाम, एक विशेषण घे, तीन निरनिराळ्या प्रांतांतले. तीन पुरे."

"तीनच? परीक्षा केव्हा देऊ मग, काकू?"

"पन्नास ओळखीचे चेहरे हवेत की तीन मित्र, ते तू ठरव," नाना म्हणाले. "परीक्षेतही रिकामी जागा भरायला देतात. तिथे अर्थापेक्षा शेजारचे शब्दच वाट दाखवतात."

वकिलांचा मुद्दा मात्र वेगळा होता, आणि तो हलका नव्हता. त्यांचं म्हणणं, अवघड शब्द वाचणाऱ्याला कमी आणि बोलणाऱ्याला जास्त उपयोगी पडतो. त्यांनी दाखला दिला तो सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५च्या कोशाचा. तिथे ‘नेटवर्क’ या साध्या शब्दाचा अर्थ सांगताना ‘रेटिक्युलेटेड’, ‘डेकसेटेड’ आणि ‘इंटरस्टिसेस’ असे तीन डोंगर उभे केले आहेत. जाळं ज्याला ठाऊक आहे त्यालाही ते वाचून कळत नाही. "एवढा मोठा पंडित, आणि साधं जाळं सांगता येईना," वकील म्हणाले.

"कारण एका वाक्यात तीन," नानांनी लगेच पकडलं. "माझा पहिला नियम तोच आहे. वाक्यात अनोखा शब्द एकच. बाकीचे सगळे रोजचे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार सर्वांत उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी छापली. इतर शब्द त्या तोडीचे हवेत. एक अनोळखी माणूस घरात आला तर सगळे मिळून त्याची ओळख करून घेतात. तिघे एकदम आले तर कोणाचीच होत नाही."

मग नानांनी त्यांची कसोटी मांडली. शब्दाचं वाक्य करायचं, शब्दाच्या जागी रेघ ओढायची आणि वाक्य शेजारच्याला द्यायचं. त्याने रेघेवर ‘गुड’, ‘बॅड’ किंवा ‘बिग’ भरलं आणि वाक्य तरीही नीट चाललं, तर वाक्य नापास. धाकट्याने ‘लुगूब्रिअस’ घेतला, अर्थ अतिशय रडवेला, सुतकी. त्याचं वाक्य: ही इज व्हेरी लुगूब्रिअस. वकिलांनी रेघेवर ‘टॉल’ भरून दाखवलं.

"हे वाक्य शब्दाला उभं राहायला जागाच देत नाही," नाना म्हणाले. "शब्दाचा अर्थ ज्यातून बाहेर पडेल असा परिणाम दाखव. सुतकी चेहऱ्याने काय बिघडतं?"

थोडा वेळ गेला. मग धाकट्याने दुसरं केलं: द लुगूब्रिअस बँड मेड द वेडिंग साउंड लाइक अ फ्यूनरल. आता रेघेवर ‘टॉल’ बसत नाही. लग्न आणि अंत्ययात्रा ही दोन टोकं वाक्यात आली, आणि शब्द त्यांच्यामध्ये घट्ट अडकला. ज्याला हा शब्द माहीत नाही त्यालाही अर्थाचा अंदाज येतो. मला वाटतं, अख्ख्या वादातली सर्वांत कामाची गोष्ट हीच होती. गंमत जी येते ती मोठा, भारदस्त शब्द आणि रोजची, लहान वस्तू यांच्या टकरीतून येते, आणि तीच टक्कर अर्थही पक्का करते. ‘बॉर्बरिग्मस’ हा ग्रीकमधून आलेला वैद्यकीय शब्द, पोटातली गुरगुर. अनेकवचन बॉर्बरिग्माय. ताईंचं वाक्य होतं: माय बॉर्बरिग्माय अनाउन्स्ड द पोहा बिफोर द व्हेंडर डिड. हे एकदा ऐकल्यावर विसरणं अवघड.

ताईंनी त्याला आधारही दिला. हुल्स्टाइन आणि लाउफर यांनी २००१ साली नेदरलँड्स आणि इस्राएलमधल्या इंग्रजी शिकणाऱ्यांवर प्रयोग छापला होता. काहींनी नुसता उतारा वाचला, काहींनी उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरल्या, काहींनी तेच शब्द वापरून पत्र लिहिलं. सर्वांत जास्त शब्द लक्षात राहिले ते लिहिणाऱ्यांच्या. शब्द शोधावा लागतो, बसतो का ते पाहावं लागतं, न बसला तर वाक्य मोडावं लागतं. त्या झटापटीत तो रुजतो.

चुका कुठे होतात यावर मात्र ओटल्यावर खरी रंगत आली.

पहिली चूक कर्माची. ‘डीफेनिस्ट्रेट’, कुणाला किंवा कशाला तरी खिडकीतून बाहेर फेकणं. लॅटिनमध्ये फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी. १६१८ साली प्रागच्या किल्ल्यात दोन राजप्रतिनिधींना आणि त्यांच्या चिटणिसाला असंच फेकलं. तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. धाकट्याचं वाक्य होतं, द कॅट डीफेनिस्ट्रेटेड फ्रॉम द बाल्कनी. दोन ठिकाणी चुकलं. मांजर आपणहून पडली, फेकणारा कोणी नाही. आणि बाल्कनी ही खिडकी नव्हे. वकिलांनी दुरुस्त केलं: इन इंदूर, डीफेनिस्ट्रेट अ पेपर प्लेट अँड द म्युनिसिपालिटी विल फाइन यू. वकिलांच्या तोंडून हे आलं तेव्हा नाना खुश झाले, कारण पाच मिनिटांपूर्वीपर्यंत वकील या खेळाच्या विरोधात होते.

दुसरी चूक सोबतीची. प्रत्येक शब्दाची ठरलेली सोबत असते. धाकट्या म्हणाला, थरूर वापरतात तो ‘फरागो’ शिकतो. शशी थरूर यांनी २०१७ साली तो ट्विटरवर वापरला तेव्हा देशभर लोक कोश उघडून बसले होते. मूळ लॅटिन अर्थ गुरांचा मिश्र चारा, आपलं आंबोण म्हणा. पण ‘फरागो’ एकटा फिरत नाही. त्याच्यामागे ‘ऑफ’ लागतो, आणि ‘ऑफ’मागे बहुधा खोटेपणा, मूर्खपणा, विपर्यास. ‘अ फरागो ऑफ लाइज’ चालेल. ‘अ फरागो ऑफ फ्लॉवर्स’ म्हटलं की फुलांवर उगीच आळ येतो.

तिसरी चूक दिसण्यावर जाण्याची, आणि ही सर्वांत घातक, कारण चूक करणाऱ्याला शंकाच येत नाही. ‘नॉइसम’चा नॉइझशी संबंध नाही, अर्थ दुर्गंधी किंवा किळसवाणा. ‘एनर्व्हेट’ म्हणजे जोर आणणं नव्हे, जोर काढून घेणं. आणि ‘मेरिट्रिशस’! सत्काराच्या फलकावर गुणवंत विद्यार्थ्यासाठी कोणी हा शब्द लिहिला, तर त्या पोराचा अपमान होईल. अर्थ आहे वरवर भपकेबाज, आत पोकळ. मूळ लॅटिन शब्द वेश्येसाठीचा. गुणवंताला ‘मेरिटोरिअस’ म्हणतात. शेरिडन यांच्या १७७५च्या नाटकात मिसेस मॅलाप्रॉप अशाच एकाऐवजी दुसरा शब्द फेकत राहतात. तिच्यावरूनच या चुकीला मॅलाप्रॉपिझम हे नाव पडलं. नानांचा उपाय साधा: शब्द ओळखीचा वाटला की त्या दिवशी कोश दोनदा उघडायचा.

वेळेची चूकही असते. ‘पेट्रिकॉर’ हा शब्द इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९६४ साली घडवला. कोरड्या मातीवर पहिल्या सरी पडल्यावर जो वास येतो, तोच. आठवडाभर झड लागलेली असताना पेट्रिकॉर म्हटलं की वाक्य खोटं पडतं. आपला मृद्गंधही श्रावणाच्या झडीत कोणी आठवत नाही.

उच्चाराबद्दल नाना फार कडक. देवनागरीत सगळी अक्षरं सारख्या वजनाने वाचायची आपल्याला सवय. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे दबतात. लुगूब्रिअसमध्ये ‘गू’वर, डीफेनिस्ट्रेटमध्ये ‘फे’वर, बॉर्बरिग्मसमध्ये ‘रिग्’वर. ‘हायपर्बली’ला (अतिशयोक्ती) हायपरबोल, ‘अराय’ला (वाकडंतिकडं) ऑरी आणि ‘व्हिटल्स’ला (खाण्याचे जिन्नस) व्हिक्च्युअल्स म्हणणारे पुष्कळ, कारण शब्द वाचून आलेला असतो, ऐकून नाही. म्हणून कार्डावर जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची आणि वाक्य तीनदा मोठ्याने म्हणायचं. जीभ अडखळली तर वाक्य छोटं करायचं.

कार्डाचा हिशेब ताईंनी धाकट्याला थोडक्यात सांगितला. पुढच्या बाजूला स्वतःचं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ. मागे शब्द, जोराची खूण, नाम की क्रियापद, आणि सोबतीचे दोन शब्द. पाच खोकी. पहिलं रोज, दुसरं दोन दिवसांनी, तिसरं चार, चौथं आठ, पाचवं सोळा. आठवला तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकला तर थेट पहिल्यात. खोक्यांची ही पद्धत सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली मांडली. पुढच्या बाजूला हिंदी अर्थ लिहू नये. तिथे अर्थ असला की वाक्य कोणी वाचत नाही.

वकील अजून पुरते वळले नव्हते. "खेळ म्हणून ठीक. पण शेवटी हे पोरखेळच. उद्या हे शब्द कोणी बोलणार नाही."

इथे नानांनी मोरोपंत काढले. पंतांनी एकशे आठ रामायणं रचली, त्यांत एक निरोष्ठ. प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर नाही, ओठाला ओठ न लावता म्हणता यावं असं. रामकथा ‘राम’ न म्हणता सांगायची! "त्याला पोरखेळ म्हणाल? अट घातली की भाषा कोपऱ्यातून शब्द काढून आणते. आणि कोणता शब्द टिकेल हे आज कोण सांगणार? १५५३ साली थॉमस विल्सन यांनी दौतीतून उपसलेल्या अवघड शब्दांची थट्टा करायला एक खोटं पत्र लिहिलं. त्यात ‘सेलिब्रेट’ होता, ‘कपॅसिटी’ होता, ‘डेक्स्टेरिटी’ होता, ‘मंडेन’ होता. ‘रिव्हॉल्यूटिंग’ आणि ‘इंजंट’ही होते, ते दोन मेले. बाकीचे तुम्ही रोज कोर्टात वापरता."

वकिलांनी हे मान्य केलं, पण एक अट घातली: अर्जात, नोटिशीत, डॉक्टरला लक्षणं सांगताना आणि परीक्षेच्या निबंधात हा खेळ नको. त्यावर कोणाचंच दुमत नव्हतं. ज्याला अर्थ विचारायची सोय नाही, त्याच्यासमोर असा शब्द ठेवणं अन्यायाचं आहे. ओटल्यावर विचारता येतं, म्हणून ओटल्यावर खेळायचं.

"मग तो एकोणतीस अक्षरी राक्षस?" धाकट्याने विचारलं. "फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. तो तरी निव्वळ दाखवायचा ना?"

नाना म्हणाले, तोही कसोटीला उतरतो. एखाद्या गोष्टीला कवडीमोल लेखणं, हा अर्थ. लॅटिनमध्ये फ्लॉकी लोकरीचा पुंजका, नॉकी क्षुल्लक वस्तू, निहिली काहीच नाही, पिली केस; किंमत नसलेल्या चार गोष्टी एकावर एक रचल्यात. १७४१ साली कवी विल्यम शेन्स्टन यांनी पत्रात तो वापरला तो पैशाच्या तुच्छतेबद्दल. म्हणून मागे ‘ऑफ’ हवा आणि ‘ऑफ’मागे अशी वस्तू हवी, जिची एरवी लोकांना किंमत असते. तुच्छता आधीच तुच्छ असलेल्या गोष्टीची केली तर शब्द वाया जातो.

वकिलांनी वहीच मागितली. हिज फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन ऑफ हेल्मेट्स एन्डेड ॲट द राजवाडा सिग्नल. ताईंनी रेघ ओढून पाहिली आणि ‘लव्ह’ भरला. वाक्य चाललं.

"नापास," नाना म्हणाले. "सिग्नलवर काय झालं ते वाक्यात नाही. पावती फाटली की डोकं फुटलं? ते घाला, मग रेघ पुन्हा ओढू."