हिरवा बिल्ड पाहून टेस्टरला घरी पाठवू नका

परवा रात्री भाचीने एक मेसेज पाठवला. खाली तिची एकच ओळ : "मावशी, मी चुकीच्या क्षेत्रात आले का गं?" सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये येऊन तिला जेमतेम दीड वर्ष झालंय. हाच मेसेज मला आधी तिघांकडून आला होता, तेव्हा न वाचताच सोडून दिला होता. तिच्यामुळे पूर्ण वाचला आणि डोकं तापलं. मेसेजचं म्हणणं असं : अ‍ॅजाईल (सॉफ्टवेअर थोडं थोडं करून, वारंवार देत बनवायची पद्धत) म्हणजे शंभर टक्के ऑटोमेशन, सगळी तपासणी यंत्राकडून, अ‍ॅजाईलमध्ये कागदपत्रं नसतात, तेव्हा टेस्ट केस (काय आणि कसं तपासायचं याची टिपणं) लिहिणं बंद करा, स्क्रममध्ये (अ‍ॅजाईल काम करायची एक चौकट) टेस्टर हे पदच नाही, म्हणजे त्याची गरजही नाही, आणि बिल्ड हिरवा असला, म्हणजे नव्या कोडवर आपोआप चालणाऱ्या सगळ्या टेस्ट पास झाल्या, की बिनधास्त रिलीज करा.

शंभर टक्क्यांचं आधी बघू. फेब्रुवारी 2001 मध्ये युटातल्या स्नोबर्डला 17 जण जमले आणि अ‍ॅजाईलचा जाहीरनामा तयार झाला. त्यात 4 मूल्यं आहेत, त्यांच्या जोडीला 12 तत्त्वं. सगळं मिळून पाच मिनिटांत वाचून होतं. ऑटोमेशन हा शब्द त्यात एकदाही नाही, टक्केवारी तर दूरच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. दर दोन आठवड्यांनी रिलीज करायचं तर जुनं सगळं प्रत्येक वेळी हाताने तपासणं जमत नाही. तपासणीचं काम स्प्रिंटगणिक, म्हणजे दोन आठवड्यांच्या प्रत्येक टप्प्यागणिक, साठत जातं, स्प्रिंट मात्र तेवढ्याच दिवसांचा राहतो. प्रोग्रॅमर केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीने ऑटोमेटेड युनिट टेस्टचा, म्हणजे कोडचा एकेक छोटा भाग आपोआप तपासण्याचा, आग्रह जाहीरनाम्याच्या आधीच धरला होता. एरिक गामा यांच्यासोबत त्यांनी जेयुनिट हे अशा टेस्टचं साधन लिहिलं ते 1997 मध्ये. तेव्हा रिग्रेशन, म्हणजे जुनं अजून चालतंय ना याची फेरतपासणी, ऑटोमेट करा, हे मीही टीमला रोज सांगते. पण तेच ते तपासणं यंत्राला देणं वेगळं आणि विचार करून तपासणारा माणूसच काढून टाकणं वेगळं.

कागदपत्रांवर फार वेळ घालवत नाही. जाहीरनामा चालत्या सॉफ्टवेअरला जाडजूड कागदपत्रांपेक्षा जास्त मोल देतो, आणि लगेच खाली सांगतो की उजव्या बाजूच्या, म्हणजे कागदपत्रांसारख्या, गोष्टींनाही मोल आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ही खालची ओळ गाळली.

पदाचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. स्क्रम गाइड या स्क्रमच्या मूळ पुस्तिकेच्या 2020 च्या आवृत्तीत प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स एवढेच आहेत, हे खरं. पण त्यात डिझायनरही नाही आणि डेटाबेस सांभाळणाराही नाही. त्यांना कोणी घरी पाठवा म्हणत नाही. तिथे डेव्हलपर म्हणजे दर स्प्रिंटला वापरता येईल असं काही तयार करण्यात ज्याचा हात आहे तो प्रत्येक जण. टेस्टर त्यातच आला.

आता हिरव्या बिल्डबद्दल. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. आमच्या एका प्रॉडक्टमध्ये पत्ता बदलायचा फॉर्म होता. त्याची टेस्ट नवा पत्ता भरायची, बटण दाबायची आणि "बदल जतन झाला" हा संदेश दिसला की पास व्हायची. पुढे कोणीतरी पेज वेगवान वाटावं म्हणून तो संदेश सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघताच दाखवायला सुरुवात केली. त्यानंतरच्या एका बदलात सर्व्हर तो पत्ता नाकारू लागला. संदेश येतच राहिला, टेस्ट रोज रात्री हिरवी होत राहिली. शेवटी एका सहकारी मुलीने पत्ता बदलून पेज सहज रिफ्रेश केलं. जुना पत्ता जागच्या जागी. रिफ्रेश कर, असं कुठल्याच स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नव्हतं. ते तिला सुचलं. जे विचारायचं कोणाला सुचलेलंच नाही, त्याचं उत्तर हिरव्या रंगात नसतं.

शिवाय तो हिरवा रंग येतो कसा, तेही बघा. गूगलच्या टेस्टिंग ब्लॉगवर 2016 मध्ये त्यांनी स्वतःचे आकडे दिले होते. जवळपास 16 टक्के टेस्ट कमीअधिक फ्लेकी, म्हणजे कोड तोच असताना कधी पास, कधी फेल. आणि पासवरून फेलवर गेलेल्या घटनांपैकी 84 टक्क्यांमध्ये फ्लेकी टेस्टचा हात. ही गूगलची गत, तर तुमच्या-आमच्या टीमचं काय? साधा हिशेब करा : 200 टेस्ट आणि प्रत्येक टेस्ट 99.5 टक्के वेळा बरोबर चालते असं धरलं, तरी कोडमध्ये काहीही चूक नसताना सगळा संच एकदम हिरवा येण्याची शक्यता 37 टक्क्यांच्या आसपास. मग टीम वैतागते आणि पाइपलाइनमध्ये, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या साखळीत, तीनदा रीट्राय टाकते : पडलेली टेस्ट पुन्हा चालवायची. तिसऱ्या खेपेला बिल्ड हिरवा होतो. पहिल्या दोनदा टेस्ट का पडली, हे लॉग (टेस्ट चालतानाची नोंद) उघडून कोणी वाचत नाही, आणि कोडमधल्या दोन गोष्टींच्या वेळा न जुळल्याने येणारे खरे बग नेमके तिथेच दडतात. तो लॉग वाचायचं काम कोणाचं? ज्याला हा मेसेज घरी पाठवायला निघालाय त्याचं.

भाचीला रात्रीच फोन केला. म्हटलं, उद्या ऑफिसला गेलीस की तुमच्या संचातल्या, तुला सगळ्यात भरवशाच्या वाटणाऱ्या पाच टेस्ट निवड. डेव्हलपरला शेजारी बसव आणि त्या ज्या कोडवर चालतात त्यात मुद्दाम एकेक चूक करायला लाव. अधिकाच्या जागी उणे, एखादी अट उलटी. ही काही माझी युक्ती नाही, 1970 च्या दशकापासून म्युटेशन टेस्टिंग म्हणून हे चालत आलंय. मग टेस्ट चालव आणि किती लाल होतात, म्हणजे ती चूक पकडतात, ते मोज.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला : "मावशी, पाचातल्या दोन हिरव्याच राहिल्या. आता डेव्हलपर आणि मी मिळून बाकीचा संच तपासतोय."