जुना पीसी भंगारात काढायची घाई कशाला?

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी नेहमीची अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. जुना पीसी विकून टाका, विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या नादी लागू नका. ते प्रोग्रामर लोकांचं काम, त्यात मराठी टाइप होत नाही, प्रिंटर चालत नाही, सरकारी कामं अडतात आणि फुकटच्या वस्तूचा भरवसा काय, असा त्याचा सूर. मी रोज लिनक्स वापरतो. सिडको, गंगापूर रोड, पंचवटी इथल्या नातलगांचे पीसीही लावून दिलेत. हा मेसेज वाचून चांगली चालणारी मशीन्स कवडीमोलाने विकली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिला मुद्दा, ‘विकून टाका’. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुना पीसी नाकारला जातो, तो बिघडलेला नसतो. लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या प्रकाराला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर निवांत चालतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क टाकली की तोच पीसी ओळखू येत नाही.

प्रोग्रामरचं काम म्हणाल, तर मला टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, आवडतं, पण सिडकोतल्या आत्याने ते आजवर उघडलेलं नाही. खाली डावीकडे मेनू, त्यात ब्राउझर, वर्ड-एक्सेलसारखं लिब्रेऑफिस, फोटो. अपडेट आलं की कोपऱ्यात खूण दिसते, ती क्लिक करते, पासवर्ड देते. झालं.

मराठीचा मुद्दा मात्र साफ चुकीचा आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा लेआउट, म्हणजे कळांची मांडणी, जोडायचा, बाहेरून काही उतरवायची गरज नाही. इनस्क्रिप्ट मिळतो आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी कगप हा लेआउटही असतो. आत्या निवृत्त शिक्षिका, शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक. ‘दुसऱ्या’तला ऱ्या नीट उमटलाच पाहिजे, हा तिचा आग्रह. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश आणि ई, की झाला ऱ्या. ळ साठी शिफ्ट आणि एन. हा भारत सरकारने प्रमाण ठरवलेला लेआउट आहे, विंडोजवरही हाच चालतो, त्यामुळे एकदा हात बसला की मशीन कोणतंही असो. मग ‘मराठी चालत नाही’ हे आलं कुठून? जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या फायलींतून. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर, अगदी विंडोजवरसुद्धा, तीच फाइल अगम्य दिसते. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत लिहिलेलं पत्र मिंटवर, विंडोजवर, मोबाइलवर सारखंच उघडतं.

प्रिंटरच्या तक्रारीत थोडं तथ्य आहे. काही जुने, स्वस्त लेसर प्रिंटर लिनक्सवर खरोखर छळतात. पण गेल्या काही वर्षांतले बहुतेक वायफाय प्रिंटर ड्रायव्हर न टाकता आपोआप सापडतात. लिनक्सची छपाई कप्स या यंत्रणेतून होते आणि मॅकवरही तीच कप्स असते.

सरकारी कामांपैकी बहुतेक ब्राउझरमध्येच होतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून महाभूमी या राज्य सरकारच्या साइटवरून काढता येतो, मुक्त विद्यापीठाचे फॉर्म भरता येतात, वीजबिल भरता येतं. पीडीएफवरची डिजिटल सही ओक्युलर या प्रोग्राममध्ये तपासता येते. मात्र डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून टेंडर भरणाऱ्या ठेकेदाराने विंडोजचं एक मशीन ठेवावं. ज्यांचं पोट टॅलीवर आहे त्यांनीही. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या प्रोग्रामवर काम करणाऱ्यांनाही मी लिनक्सवर या म्हणणार नाही, कारण ते प्रोग्राम लिनक्ससाठी निघतच नाहीत. पण हा मेसेज टूलरूमला गेलेला नाही, तो घरोघरी गेलाय.

फुकटचा भरवसा? लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेल्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, आज इंटेल, गूगल, रेड हॅट यांचे पगारी इंजिनिअर काम करतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा त्यावर उभा आहे. मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवरून पुढे ढकलला जातो, त्याच्या आतही हाच कर्नल आहे. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकताहेत.

तरी माझ्यावर विश्वास ठेवून लगेच इन्स्टॉल करू नका. मिंट पेनड्राइव्हवर घ्या आणि पीसी त्यावरून सुरू करा, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, घरातल्या प्रिंटरवर एक पान निघतं का, तुमची नेहमीची बँकेची साइट उघडते का, ते पाहा. पेनड्राइव्हवरून सगळं थोडं हळू चालेल, त्यावरून वेग ठरवू नका. चारही गोष्टी जमल्या तर फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा आणि मगच इन्स्टॉल करा.