नावातच वाइन आहे, हाहाहा!

काल परत तेच. ऑफिसच्या कॅबमध्ये गाणं लावायची पाळी माझी होती. मी ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस लावली, ‘टीअर्स ड्राय ऑन देअर ओन’. पहिलं कडवंही पुरं झालं नव्हतं, तेवढ्यात मागच्या सीटवरून आलंच, “अगं, ही तीच ना, दारू पिऊन मेलेली?” त्याला जोडून दुसरा म्हणतो, “नावातच वाइन आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार!” सगळी कॅब फिदीफिदी हसली. ड्रायव्हरदादासुद्धा.

हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की आता समोरच्याचं तोंड उघडायच्या आधीच मला तो दिसतो. आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच पहिल्यांदा सुचला! अरे बाबा, आडनाव आहे ते. बापाकडून आलेलं. बाप लंडनमध्ये टॅक्सी चालवायचा, आई फार्मासिस्ट, आजी स्वतः गायची. आपल्याकडे पोटफोडे आडनाव असतं, म्हणून त्यांच्या घरी सुऱ्या मोजून ठेवतात का? विनोद करणाऱ्याचं स्वतःचं आडनाव काय आहे ते मी इथे लिहीत नाही. सभ्य आहे मी.

राग विनोदाचा नाहीये खरं तर. राग याचा आहे की गाणं चालू होतं आणि कुणी ते ऐकत नव्हतं. त्या गाण्याखाली ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ या मोटाउन नावाच्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या गाण्याची चाल पळत असते, ऐकलंय का कुणी कधी? एमीनं ते मुळात संथ, रडवेलं लिहिलं होतं. सलाम रेमी या निर्मात्यानं त्याला पळवलं. म्हणून तर ते असं लागतं: खाली वाजंत्री आनंदात आणि वर ही डोळे पुसतेय. पण नाही, आम्हाला तिच्या रक्तात किती अल्कोहोल सापडलं तेच पाठ. १०० मिलिलिटरला ४१६ मिलिग्रॅम. पोरांच्या पाढ्यांसारखं घडाघडा!

‘रीहॅब’ हे गाणं तिनं एकटीनं लिहिलं. ‘लव्ह इज अ लूझिंग गेम’सुद्धा एकटीनं, आणि त्याला २००८ मध्ये आयव्हर नॉव्हेलो मिळालं. गीतकार-संगीतकारांचा मानाचा पुरस्कार आहे तो, गळ्यासाठी किंवा केसांच्या त्या उंच अंबाड्यासाठी देत नाहीत. तिचं पहिलं नॉव्हेलो आलं २००४ मध्ये, तेव्हा ती वीस वर्षांची होती. मी विसाव्या वर्षी एटीकेटी सोडवत होते. ‘बॅक टू ब्लॅक’ हा अख्खा अल्बम जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे. आमच्या कॅबला पहिला सिग्नल ओलांडायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प बसवत नाही लोकांना.

ॲपचं तर बोलायलाच नको. एक गाणं ऐकलं की पुढे आपोआप येतं ‘तिचे अखेरचे क्षण’. त्यानंतर बेलग्रेडचा कार्यक्रम, जून २०११, जिथं ती स्टेजवर धड उभीही राहू शकत नव्हती आणि लोक ओरडत होते. त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग. बरं, मला कधीच दाखवत नाहीत २००८ ची ग्रॅमीची रात्र. अमेरिकेचा व्हिसा वेळेत हाती पडला नाही म्हणून ती लंडनमधूनच उपग्रहावरून गायली आणि एका रात्रीत पाच पुरस्कार घेतले. ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’साठी टोनी बेनेट या जुन्या अमेरिकन गायकानं तिचं नाव वाचलं तेव्हा तिचा चेहरा बघा एकदा, लहान मुलीसारखा झालाय. त्याच बेनेटबरोबर तिनं मार्च २०११ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ‘बॉडी अँड सोल’ गायलं. तिचं स्टुडिओतलं शेवटचं रेकॉर्डिंग. शेवटचंच बघायचंय ना तुम्हाला? मग हे बघा की!

आणि दर २३ जुलैला, ती गेली त्या तारखेला, शाळेच्या ग्रुपवर तो ‘सत्ताविसाव्या वर्षी गेलेले’ नावाचा फॉरवर्ड. पाच फोटो, मेणबत्ती, खाली कुणाचं तरी ‘तरुणांनो, व्यसनांपासून दूर राहा’. पाठवणारा गेल्या शनिवारी कोणत्या अवस्थेत घरी गेला ते त्याची बायकोच सांगेल. याच कॅबमध्ये शुक्रवारी पिणाऱ्या बाप्यांच्या गझला लागतात, तेव्हा सगळे मान हलवत म्हणतात, “काय दर्द आहे!” बाप्यांचा तो दर्द आणि हिची ती थेरं?

लंडनच्या कॅमडेन भागात तिच्या दाराबाहेर कॅमेरेवाले रात्रंदिवस उभे असायचे. पाय घसरला की फोटो, रडली की फोटो. ते निदान पैशासाठी उभे होते. आमच्या कॅबमधल्यांना कोण पैसे देतं?

गुरुवारी परत माझी पाळी आहे. तिचा २००३ चा पहिला अल्बम ‘फ्रँक’ लावणार, पहिल्या गाण्यापासून. वाइनवर कुणी एक शब्द काढू दे, मग त्याचं आडनाव काढलंच समजा.