‘लॅन्सेटमध्ये नाही, म्हणजे रद्दी’?

कॅन्सरची कुठली बातमी आली की हा मजकूर हमखास फिरतो: ‘खरं संशोधन लॅन्सेटमध्ये (लंडनचं नामांकित वैद्यकीय नियतकालिक) येतं. आपली वैद्यकीय नियतकालिकं म्हणजे बढतीसाठी छापलेली रद्दी. त्यांनी जगाला नवं काय दिलं? उद्या बंद पडली तरी पेशंटचं काही अडणार नाही.’ डॉक्टर मंडळीही तो पुढे ढकलतात, म्हणून हे उत्तर.

‘नवं काय दिलं?’

१९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ ओटोलॅरिंगॉलॉजी’ या कान-नाक-घशाच्या नियतकालिकात एका आजारावर लेख लिहिला. त्यात तोंडाचं आतलं अस्तर पांढरट पडतं. गालाच्या आतून बोट फिरवलं तर ताठ पट्टे लागतात. साध्या भाजीच्या तिखटानंही आग होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. या पेशंटच्या तोंडात कधी एकही धड जात नाही. आदल्याच वर्षी श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हे पाहिलं होतं, पण कारण अज्ञात म्हणून. जोशींनी वापरलेलं ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव आज जगभर चालतं. १९५६ मध्ये डॉ. पेमास्टर यांनी या आजाराचा तोंडाच्या कॅन्सरशी असलेला संबंध मांडला, तो मात्र अमेरिकेतल्या ‘कॅन्सर’ या नियतकालिकात. म्हणजे आधी इथे, मग तिथे. या आजाराचं मुख्य कारण सुपारी. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचं शिक्कामोर्तब २००४ मध्ये झालं. आणि विदर्भातल्या कुठल्याही दंतवैद्याला विचारा, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारी विशीतली पोरं हेच आखडलेलं तोंड घेऊन येतात.

‘इम्पॅक्ट फॅक्टर बघा!’

बघितला. नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा हवाला दिला, एवढंच तो सांगतो. लेख खरा की खोटा, हे नाही. २००५ मध्ये लॅन्सेटनेच नॉर्वेच्या जॉन सुडब्यो यांचा लेख छापला, विषय पुन्हा तोंडाचाच कॅन्सर. त्यात अभ्यासलेले ९०८ जण बनावट निघाले. त्यांतल्या २५० जणांची जन्मतारीख एकच होती! पुढच्या वर्षी लेख मागे घ्यावा लागला. म्हणून लॅन्सेट रद्दी ठरतं का? नाही ना? मग इथे वेगळा न्याय कशाला?

‘बढतीसाठीची रद्दी’

यात तथ्य आहे, लपवायचं कारण नाही. पेपरशिवाय प्राध्यापकाची बढती अडते, आणि पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी दुकानंही आपल्याकडे भरपूर आहेत. पण त्या दुकानांना ‘भारतीय नियतकालिकं’ म्हणणं म्हणजे बोगस डॉक्टर दाखवून सगळा दवाखाना बंद करणं.

‘पेशंटचं अडणार नाही’

इथे माझा खरा आक्षेप आहे. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर गाल आणि हिरडीच्या खाचेत होतो, कारण तंबाखूची गोळी तिथेच दाबून ठेवतात. पाश्चात्त्य देशांत जिभेचा जास्त, आणि घशाच्या कॅन्सरमागे बऱ्याचदा एचपीव्ही विषाणू. त्यांच्या पेशंटवरचे आडाखे आपल्या पेशंटला जसेच्या तसे लावता येत नाहीत. टाटा रुग्णालयातली मानेच्या गाठी काढण्याबाबतची मोठी चाचणी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, ते योग्यच झालं. पण एवढी मोठी चाचणी करायची ठरते, त्याच्या कितीतरी आधी कुणीतरी शंभर-दीडशे पेशंटचे केसपेपर काढून बसलेलं असतं: गाठ कुठे होती, किती जण परत आले, किती जण आलेच नाहीत. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत कॅन्सर नोंदणी सुरू केली आणि त्याच वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर’ही काढलं. जिल्हा रुग्णालयातल्या सर्जनची असली शंभर पेशंटची नोंद अशाच नियतकालिकात येते; लंडनचा संपादक ती कशाला छापेल? त्याच्या वाचकांत खर्रा खाणारे पेशंट बघणारे किती?